खाण थांबते तेव्हा बाजाराचे काय होते? डिचोलीत एक दिवस

आपल्या सातारा-सांगलीकडचे व्यापारी गोव्याला जातात ते बहुधा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासाठी, मडगावच्या ठोक पेढ्यांसाठी, नाही तर सुट्टीत मुलाबाळांना समुद्र दाखवण्यासाठी. डिचोलीला मुद्दाम कोणी जात नाही. समुद्र तेथून दूर, परदेशी पाहुणा फिरकत नाही, आणि प्रवासाच्या पुस्तकांत या गावाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. तरीही ट्रक, टायर, गॅरेज, डिझेल, वेल्डिंग, कमानपाटे, स्पेअर पार्ट अशा धंद्यांत ज्यांची रोजी आहे, त्यांनी आयुष्यात एकदा तरी एक दिवस काढून हे गाव पाहावे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. एका मालावर जगणारा बाजार कसा फुगतो आणि एका आदेशाने कसा बसतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे गाव आपल्या भागातून एका दिवसाच्या प्रवासात सापडणार नाही.

आम्ही सात जण होतो. मिरजेचे दोघे, सांगलीचे दोन आडते, साताऱ्याचे दोघे आणि कराडचा एक गॅरेजवाला मिस्त्री. भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर, मागे स्टोव्ह, भांडी, अंथरुणे, पाण्याचे कॅन आणि नमुन्याचे डबे: तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, कराडचा गूळ, कोरेगाव भागातले आले. जिथे रात्र होईल तिथे मुक्काम, जिथे गिऱ्हाईक दिसेल तिथे डबा उघडायचा, असा बेत होता. पहाटेची नमाज बेळगावात अदा करून आम्ही जांबोटीच्या रस्त्याला लागलो.

तांड्याची वाट

बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी आणि मग डिचोली असा हा रस्ता आहे. कणकुंबीला मलप्रभा नदी उगम पावते. तेथून पुढे झाडी दाट होते आणि वळणे सुरू होतात. घाट उतरला की अंजुणे धरणाचे पाणी दिसते. आज हा रस्ता डांबरी आहे. पण घाट उतरून गोव्याकडे जाणाऱ्या या वाटा मोटारी येण्याच्या फार आधीपासून व्यापाराच्या आहेत. लमाणांचे बैलांचे तांडे देशावरचे धान्य खाली न्यायचे आणि परतताना गोव्याच्या मिठागरांतले मीठ वर आणायचे. देशावरच्या किती तरी घरांच्या चुलीला ते मीठ पुरत असे.

तो धंदा कसा गेला, हेही व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. मीठ संपले नव्हते आणि बैलही म्हातारे झाले नव्हते. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. दहाएक वर्षांत, १८८८ च्या सुमारास, मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे सुरू झाली. पुढे लोंढ्यामार्गे ती मिरज-पुणे मार्गाला जोडली गेली. मिरज जंक्शनचा व्यापार त्यातून वाढला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच रेल्वेने घाटातला तांडा मोडला, हे सांगायला आपण विसरतो.

अशीच एक हकीकत फार दूरच्या मुलुखातली आहे, पण आपल्या वाचकांना ती जवळची वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात खाणींची गावे वसली तेव्हा तेथे माल पोचवायला रस्ते नव्हते, पाणी नव्हते, घोडे-बैल टिकत नव्हते. १८६० मध्ये एका शोधमोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट नेण्यात आले. १८६६ मध्ये टॉमस एल्डर नावाच्या व्यापाऱ्याने शंभराहून अधिक उंट आणि एकतीस उंटवाले मागवले. त्यानंतर पन्नास-साठ वर्षे त्या खाणगावांचे पीठ, साखर, अवजारे, पाण्याची पिंपे उंटांच्या काफिल्यांनी वाहिली. हे लोक अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा ठिकाणचे होते, पण तेथे सर्वांना ‘अफगाण’च म्हणत. ब्रोकन हिल हे चांदी, शिसे आणि जस्ताचे गाव. १८८३ मध्ये तेथे खनिजाचा शोध लागला. त्या गावात उंटवाल्यांनी पत्र्याची छोटी मशीद बांधली होती. ती आजही जपून ठेवलेली आहे, संग्रहालय म्हणून. पुढे मोटार-लॉरी आली. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने उंट नष्ट करण्याचा कायदा केला. ज्यांच्या पाठीवर खाणगावे उभी राहिली, त्या जनावरांना गोळ्या घालण्याची मुभा मिळाली. अनेक मालकांच्याने गोळी घालवेना, त्यांनी उंट रानात सोडून दिले. आज तेथे जे रानटी उंटांचे कळप आहेत, ते त्यांचेच वंशज.

डिचोलीत उंटाच्या जागी दहा टनी टिपर आहे, एवढाच फरक.

लाल गाव

साखळीपासूनच माती लाल दिसू लागते. ती जांभ्याची लाली आहेच, पण रस्त्याकडेची झाडे, भिंतींचे पाय, जुन्या दुकानांच्या पाट्या यांवर जी तांबूस पूड बसलेली दिसते ती वर्षानुवर्षे धावलेल्या खनिजाच्या गाड्यांची आहे. रस्त्याच्या बाजूला मध्येच सरळ माथ्याच्या टेकड्या दिसतात. नवख्या माणसाला त्या खऱ्या डोंगरासारख्या वाटतात. पण ते खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे ढिगारे आहेत. त्यांना येथे ‘डंप’ म्हणतात. गोव्यात एक टन लोखंडाचे खनिज काढायचे तर अडीच ते तीन टन माती-दगड उकरून बाजूला टाकावा लागतो. तो ठेवायला जागा लागते, आणि तो पावसात वाहून शेतात उतरू नये म्हणून त्यावर झाडे लावावी लागतात. बहुतेक डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि काजू उभे आहेत.

डिचोली, लामगाव, बोर्डे, मुळगाव, मये, शिरगाव ही सगळी एकमेकांना लागून असलेली गावे या खाणपट्ट्यात येतात. खाणीच्या आत परवानगीशिवाय कोणाला जाता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. उंचावरच्या रस्त्यावरून मात्र खड्डा दिसतो. पायऱ्या-पायऱ्यांनी खोल गेलेला, प्रत्येक पायरी दुमजली घराएवढी. तळाशी हिरवट पाणी. हे पाणी नुसते पाहण्याची गोष्ट नाही. खाण चालू असते तेव्हा ते पंपाने रात्रंदिवस उपसावे लागते, आणि त्यामुळे आसपासच्या विहिरी-झरे आटतात. शिरगावच्या शेतकऱ्यांची ही तक्रार फार जुनी आहे. खाण बंद पडली की उलटे होते: पावसाचे पाणी साठत जाते आणि काठ फुटून खालच्या वस्तीत शिरेल अशी भीती वाटते. म्हणजे कमाई थांबली तरी पंपाचा खर्च थांबत नाही. मिस्त्रींनी हे ऐकून गाडीच्या इंजिनाचे उदाहरण दिले, ते येथे छापण्यासारखे नाही, पण सर्वांना पटले.

आता हा माल जात कसा होता ते पाहू. खड्ड्यातून ट्रक, ट्रकातून चाळण आणि धुलाईचा प्लांट, तेथून पुन्हा ट्रकाने नदीकाठची जेटी. मांडवी नदीवर सारमानस, आमोणे, सुर्ला येथे अशा जेटी आहेत. जेटीवरून बार्ज, बार्जमधून मुरगाव बंदर, आणि तेथून मोठ्या जहाजाने परदेश. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा खवळतो, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून आतल्या आत न्यावे लागत. एकूण धंदा ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा. साखर कारखान्याच्या हंगामाची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे गणित लगेच कळते.

सारमानसच्या धक्क्यावर आम्ही अर्धा तास थांबलो. पलीकडे जाणारी फेरीबोट, काठावर खारफुटी, आणि गंजलेल्या लोखंडी घसरगुंड्या. एके काळी येथे ट्रकांची रांग मैलभर लागत असे.

नमाजगाह

दुपारच्या आधी आम्ही गावातल्या टेकडीवरची नमाजगाह पाहिली. हिची हकीकत आपल्या भागातल्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर याने १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड केले आणि तो दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. पुढे १६८३ च्या अखेरीस महाराजांनी पोर्तुगीजांवर गोव्यात स्वारी केली, त्या धामधुमीत अकबर डिचोलीत होता. पोर्तुगीजांशी तहाची बोलणी झाली त्यांत मध्यस्थ म्हणून त्याचाच हात होता. मराठ्यांचा राजा आणि मोगलांचा शहजादा एका बाजूला उभे असल्याच्या त्या काळाची खूण म्हणून ही नमाजगाह ओळखली जाते. याच तालुक्यात नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. १६८४ च्या सुरुवातीला औरंगजेबाचा दुसरा मुलगा शाह आलम मोठे लष्कर घेऊन रामघाटाने कोकणात उतरला. डिचोलीतील अकबराचा वाडा आणि बाग त्याने उद्ध्वस्त केली. पण एवढ्या लष्कराला धान्य पुरवणार कोण? समुद्रमार्गे येणारी रसद पोचेना, घाटातून तांडे येईनात. रामघाटाने परत जाताना भूक आणि रोगराईने हजारो माणसे, घोडे, उंट, बैल मेले. तलवारीपेक्षा धान्याच्या पोत्याने त्या फौजेचा निकाल लावला. अकबर पुढे १६८७ मध्ये राजापूरहून जहाजाने इराणला निघून गेला.

जोहरची नमाज गावातल्या मशिदीत झाली. मशिदीबाहेर चार माणसे भेटली, चहा झाला, आणि जे आम्हाला खरे पाहायचे होते ते, म्हणजे बाजाराचा हिशेब, तेथूनच सुरू झाला.

पाच कोटी टनांचा हिशेब

गोव्याचे खनिज पोर्तुगीज अमदानीत जपानला जाऊ लागले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगीजांनी दिलेले खाणपट्टे तसेच चालू राहिले. १९८७ च्या कायद्याने त्यांचे भारतीय कायद्याखालील भाडेपट्टे झाले. नव्वदच्या दशकात गोव्यातून वर्षाला दीड कोटी टनांच्या आतबाहेर माल जात असे. धंदा बरा होता, पण वेडा झाला नव्हता.

वेड आले ते चीनमुळे. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे, बरेचसे भुकटीच्या रूपात. पूर्वी त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. चीनच्या भट्ट्यांना तेही चालू लागले आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून होणारी निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. २०११ च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात चांगल्या खनिजाचा भाव टनाला १९० डॉलरच्या आसपास होता. जुन्या डंपांतली, एके काळी कचरा म्हणून फेकलेली मातीसुद्धा विकली जाऊ लागली.

आपण साधा हिशेब करू. यातले चार कोटी टन गोव्यातल्या रस्त्यांवरून ट्रकाने गेले असे धरा. दहा टनांची एक फेरी, म्हणजे चाळीस लाख फेऱ्या. हंगाम दोनशे चाळीस दिवसांचा. दिवसाला साडेसोळा हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या! प्रत्येक फेरीला डिझेल, प्रत्येक ट्रकाला वर्षात टायरांचे जोड, खड्ड्यांतून ओझे वाहून मोडणारे कमानपाटे, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, डंपर-बॉडीचे वेल्डिंग, ड्रायव्हर-क्लीनरचे जेवण. खाणीपासून जेटीपर्यंतचे भाडे स्थानिक ट्रकमालकांच्या हाती होते. शेतात खनिजाचा गाळ आल्यावर शेती सोडलेल्यांनीही बँकेचे किंवा फायनान्सचे कर्ज काढून ट्रक घेतले. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. ट्रक चालत होता तोवर हप्ता भरला जात होता, आणि हप्ता भरला जात होता तोवर फायनान्सवाला दारात येऊन नव्या गाडीचे कागद पुढे करत होता.

नंतरच्या तारखा अशा आहेत. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. ३४,९३५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज त्यात होता. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम आणि वाहतूक दोन्ही बंद केली. हंगाम ऑक्टोबरचा! ट्रकमालकांनी पावसाळ्यात गाड्यांचे काम करून घेतले होते, टायर टाकले होते, रंग दिला होता, आणि ते सगळे उधारीवर होते.

२१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाचा निकाल आला. भाडेपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, तेव्हापासूनचे खाणकाम बेकायदा ठरले, आणि पुढे वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली. २०१५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, पण त्या वर्षाच्या अखेरीस जगातला भाव ४० डॉलरच्या खाली आला होता. परवानगी मिळाली तेव्हा भाव नव्हता. भाव होता तेव्हा परवानगी गेली. सरकारने घाईने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले होते, ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने रद्द केले आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळे थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये खाणींचे लिलाव झाले. डिचोलीची खाण त्यात पहिली होती आणि २०२४ मध्ये ती चालू झाली. पण बारा वर्षांत बाजाराने जे पाहायचे ते पाहून घेतले होते.

कोण बुडाले, कोण तरले

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जमिनीतले खनिज संपले म्हणून डिचोली थांबली नाही. माल आजही आहे. थांबला तो कागद. व्यापारी मालाचा साठा मोजतो, भाव पाहतो, गिऱ्हाइकाची पत पाहतो, पण आपल्या गिऱ्हाइकाचा धंदा कोणत्या परवान्यावर उभा आहे आणि त्या परवान्याची मुदत कधी संपते, हे किती जण विचारतात? डिचोलीतला टायरवाला काही बेकायदा करत नव्हता. त्याने पैसे देऊन माल आणला, पावती देऊन विकला. पण त्याच्या खतावणीत जी चाळीस-पन्नास नावे होती ती सगळी एकाच खड्ड्याकडे जाणाऱ्या ट्रकांची होती. वरून पाहता पन्नास गिऱ्हाइके, प्रत्यक्षात गिऱ्हाईक एकच. आमच्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. आयोगाच्या अहवालात ती नाही, कारण आयोग खाणमालकांचा हिशेब करत होता, उधारी बुडालेल्या दुकानदारांचा नव्हे.

सरकारने कर्जदार ट्रकमालकांसाठी कर्जमुक्तीच्या आणि साह्याच्या योजना आणल्या. बँकेच्या कर्जाला कागद असतो, त्यामुळे त्याला योजनेत जागा मिळते. गॅरेजवाल्याच्या वहीतल्या उधारीला कोणत्याही योजनेत जागा नसते. आमच्या कराडच्या मिस्त्रींनी बाजारातून फिरताना एकही प्रश्न न विचारता तीन गॅरेजे ओळखून दाखवली, जी पूर्वी फक्त टिपरची कामे करत असावीत: उंच छप्पर, खोल खड्डा, आणि आता आत दुचाकी उभ्या.

याउलट पोदेर पाहा. पहाटे आणि संध्याकाळी सायकलवर टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत पाव विकणारा. खाण चालू असताना त्याचे पाव दुप्पट खपले नाहीत आणि खाण बंद झाल्यावर निम्मेही झाले नाहीत. भाजीवाल्याचे तेच. गोव्याचा भाजीपाला मोठ्या प्रमाणावर बेळगावहून येतो, तो येत राहिला. डिचोलीचे कुंभार फार जुने. समया आणि पितळी काम करणारे कारागीरही येथे आहेत. चतुर्थी, लग्न, घरभरणी यांवर त्यांचा धंदा चालतो. खाणीच्या दिवसांत या कारागिरांच्या मुलांना ट्रकाचा पगार मोठा वाटला असणार, आणि ते स्वाभाविकच आहे. चाकावर बसून दिवसाला जे मिळते ते स्टिअरिंगवर बसून दोन फेऱ्यांत मिळत असेल तर कोण चाकावर बसेल? पण हात मोडलेला धंदा पुन्हा शिकवायला एक पिढी लागते. मिरजेत सतारी करणाऱ्या घराण्यांना हे सांगायला नको. भोपळा वाळवण्यापासून तारा जुळवण्यापर्यंतचे काम त्यांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ घरात ठेवले, मागणी कमी झाली तेव्हाही सोडले नाही, म्हणून आज ते आहे.

मधल्या वर्गातल्या दुकानांचे, म्हणजे कापड, सोने, फ्रिज-टीव्ही, मोटारसायकल यांचे, काय झाले हेही विचारले. ती बुडाली नाहीत, आक्रसली. ज्यांच्या गिऱ्हाइकांत सरकारी नोकर, शिक्षक आणि औद्योगिक वसाहतीतले कामगार होते, ती लवकर सावरली.

आपल्या येरळेची वाळू

कोणी म्हणेल, सातारा-सांगलीत कुठे खाणी आहेत? त्यांनी २०१२ हेच साल आठवावे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की वाळू-मुरमासारख्या गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी हवी. त्यानंतर येरळा, माणगंगा आणि कृष्णेकाठी वाळूच्या लिलावांचे काय झाले, कितीदा ते अडले, कितीदा गाड्या जप्त झाल्या, हे खानापूर, आटपाडी, माण, खटावच्या ट्रकवाल्यांना आपण सांगण्याची गरज नाही. तेथेही गाडी हप्त्यावर, टायर उधारीवर, आणि भाडे एकाच मालाचे. ओगलेवाडीचा काचकारखाना आठवा. १९१६ मध्ये सुरू झालेला, प्रभाकर कंदील घरोघरी पोचवणारा. वीज आली, कंदिलाची मागणी सरली, कारखाना बंद पडला, आणि ज्या वस्तीला कारखान्याचे नाव मिळाले तिच्याकडे फक्त नाव उरले.

विट्याच्या गलाईवाल्यांची रीत आम्हाला या बाबतीत शहाणपणाची वाटते. सोने-चांदी गाळण्याचे एकच कसब, पण ते घेऊन खानापूर-आटपाडीची माणसे देशभरच्या सराफ बाजारांत गेली. एका शहरातला बाजार बसला तर दुसऱ्या शहरातला भाऊ उभा असतो. कसब एक, गिऱ्हाइके शंभर गावांची. डिचोलीच्या ट्रकवाल्याचे नेमके उलटे होते. त्याचा ट्रक जगात कुठेही जाऊ शकत होता, पण तो खाण ते जेटी एवढाच फिरला.

नमुन्याच्या डब्यांचे काय झाले, हे विचारणारच तुम्ही. बेदाणा चांगला चालला. तो मिठाईवाल्यांकडे आणि किराणा ठोकवाल्यांकडे हातोहात गेला. गुळाला मागणी आहे, पण तेथील लोकांना माडाच्या काळ्या गुळाची चव आहे. आपला पिवळा गूळ त्यांना नवा नसला तरी भाव पाडून मागतात. हळदीला प्रत्येकाने आधी रंगाबद्दल विचारले. आले पावसाळ्याच्या तोंडावर आणा, असे सांगितले. मिरजेच्या तानपुऱ्याबद्दल मात्र दोन ठिकाणी आपण होऊन चौकशी झाली. गोव्यात भजनी मंडळे आणि गाणे शिकणारी मुले गावोगाव आहेत, तेव्हा वाद्ये आणि त्यांची दुरुस्ती यांना तेथे जागा आहे. दर दोन महिन्यांनी फेरी करणारा कारागीर हवा, एवढेच.

जाणाऱ्यांसाठी

दिवस एकच असेल तर बेळगावला आदल्या रात्री मुक्काम करावा आणि उजाडायच्या आत निघावे. बेळगाव ते साखळी अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, पण घाटामुळे अडीच तास धरावेत. पावसाळ्यात हा रस्ता टाळलेला बरा. धुके आणि दरडी दोन्ही असतात. डिचोलीत गाडी बाजाराबाहेर लावून पायी फिरावे. दुपारी मये तळ्याच्या काठी सावली आहे, स्टोव्ह पेटवायला तेथील लोकांना विचारून जागा घ्यावी आणि कचरा परत आणावा. परतीला दोडामार्गावरून तिलारी घाटाने चंदगडकडे चढता येते. जुना रामघाट त्याच बाजूला आहे. मात्र मोठी गाडी असेल तर चोर्लाच बरा, आणि सूर्य मावळायच्या आत घाट चढून जावे. कुंभारांकडून कुंड्या, माठ घेतलेत तर पेंढा मागून घ्या आणि त्यांना गाडीच्या मागच्या बाकाखाली आडवे न ठेवता उभे ठेवा. आमच्या सात माठांपैकी पाच कराडपर्यंत पोचले.